ओल्या खेळात मिठाचा डबा

कोरड्या वस्तूंना ओल्या खेळात जागा असावी की नसावी, या प्रश्नावर आपलं काही मत असेल असं मला सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत वाटलं नव्हतं. मत विचारावं अशी बाई मी नव्हेच. पतसंस्थेत कारकुनी केली, तिथेही ‘इथे सही करा’ एवढं एकच वाक्य मी अधिकाराने बोलत असे. आईच्या आजारपणात नोकरी सोडली. आणि आईने, बहुधा माझी आणखी ओढाताण नको म्हणून, त्याच उन्हाळ्यात जग सोडलं. लग्न मी केलं नव्हतं. का नाही, त्याची गोष्ट मी तीन-चार वेगवेगळ्या प्रकारे सांगते आणि सगळ्यांत लोक हसतात. आता पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत मी आहे, आईची खाट आहे आणि तिने भरून ठेवलेल्या बरण्या आहेत.

आमच्या कुटुंबातली गोष्टी सांगणारी बाई म्हणजे मी. लग्नात, बारशात, तेराव्यालासुद्धा कोणीतरी म्हणतंच, “आत्या, ती म्हशीची सांग ना!” मी म्हशीची सांगते. हशा होतो. मग पंगत बसल्याची हाक येते आणि सगळे उठतात. एवढं मोठं कुटुंब काही मिनिटांसाठी आपल्याभोवती कोंडाळं करून बसतं, हे काही थोडं नाही. पण मंगळवारी दुपारी अडीच वाजता म्हशीची गोष्ट कोणाला सांगणार? मंगळवारी दुपारी अडीच वाजता मी कुकरची शिट्टी धुते. ती घाण झालेली नसते.

तर अशात माझी भाची, म्हणजे माझ्या दादाची मुलगी, पनवेलला राहायला आली. हायवेच्या अंगाला जे नवे टॉवर झालेत त्यातल्या एकात, चौदाव्या मजल्यावर. दोघं नवरा-बायको नोकरीला, मुलगी सव्वातीन वर्षांची. सकाळी ती प्लेग्रुपला जायची, प्रश्न दुपारचा होता. प्लेग्रुपलाच जोडून पाळणाघर होतं. आणि मी होते.

“आठवडाभर बघू या, आत्या,” भाची म्हणाली. “ती रमली तर रोज तुझ्याकडेच. मलाही बरं, तुलाही बरं.”

“रमेल की,” मी म्हटलं. अगदी सहज म्हटलं. फोन ठेवला आणि लगेच बाजारात जाऊन छोटी खुर्ची, छोटं ताट, वाघाचं चित्र असलेला पेला आणि एक लाल टेडी घेऊन आले. रिक्षावाल्याने विचारलं, “नातवंडं यायचीत का, मावशी?” मी “हो” म्हणून मोकळी झाले. ‘दादाच्या मुलीची मुलगी’ सांगेपर्यंत घर आलं असतं.

मुलगी गोड होती. पण गोड मुलांना दुसऱ्याशी काही देणंघेणं नसतं, तसं तिचं होतं. तिला एक गोष्ट मुळीच सहन होत नसे, ती म्हणजे ओलं. हाताला पाणी लागलं, आमटीचा थेंब उडाला, केळ्याचा चिकटा लागला की ती हात अंगापासून असा लांब धरायची की जणू तो शेजारणीचा हात आहे आणि चुकून हिच्याकडे आलाय. “पूस!” मला ती पहिले दोन दिवस जवळजवळ एवढंच बोलली. बाकी वेळ दोन्ही हात काखेत घालून उभी. डॉक्टर म्हणाले होते, काळजीचं काही नाही, काही मुलांचं असतं असं; हळूहळू ओल्या, चिकट वस्तूंशी खेळू द्या. म्हणूनच तो प्लेग्रुप निवडलेला. तिथे दर शुक्रवारी मुलांना मुद्दाम बरबटवत.

पहिल्या दुपारी मी माझी हुकमी गोष्ट काढली. म्हशीची. पूर्ण साभिनय. शेवटी म्हैस सरपंचाच्या ओटीवर बसते तिथे भले भले लोळतात. मुलगी काखेत हात घालून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “टीव्ही कुठाय?”

दुसऱ्या दुपारी खुर्ची, पेला आणि टेडी या तिघांचीही हीच गत झाली.

तिसऱ्या दुपारी मी स्वयंपाकघरात होते. ती कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. ओट्याखाली आईची चिनीमातीची बरणी होती, जाड्या मिठाची. आम्ही मिठागरवाले. उरणच्या वाटेवर खाडीकाठाला आमच्या आजोबांचं मिठागर होतं, मग वडिलांचं झालं, मग कोणाचंच राहिलं नाही. तिथे भराव पडला आणि आता त्यावर कंटेनर एकावर एक रचून ठेवतात. पण आईने शेवटपर्यंत पिशवीतलं बारीक मीठ घरात येऊ दिलं नाही. “ता काय मीठ हाय? पावडर हाय ती तोंडाला लावाची,” म्हणायची.

तर मुलीने बरणीचं झाकण काढलं आणि मनगटापर्यंत हात आत घातला.

मला वाटलं, आता रडेल, पूस म्हणेल. पण मीठ कोरडं होतं, खणखणीत. तिने हात फिरवला, खरखर आवाज झाला. पुन्हा फिरवला. मग खाली बसली, फतकल मारून, आणि वाघाचा पेला भरायचा नि ओतायचा, भरायचा नि ओतायचा, असं ऊन दाराच्या उंबऱ्यापासून फ्रिजपर्यंत सरकेस्तोवर चाललं. मी समोर जमिनीवर बसले. माझे गुडघे या बैठकीला राजी नसतात, पण त्यांना कोणी विचारलं नाही.

“हे काय?”

“मीठ.”

“कुठून येतं?”

आता बघा! आयुष्यभर न विचारता गोष्टी सांगत आलेल्या बाईला कोणीतरी प्रश्न विचारला होता. मी सांगितलं. भरतीचं पाणी बांधाच्या फटीतून आत कसं घेतात, एका खाचरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात कसं फिरवतात, ऊन ते पाणी कसं पिऊन टाकतं, आणि एका सकाळी बघावं तर तळाशी पांढरं पांढरं.

“आणि त्याच्या आधी ना, सगळ्यांनी मिळून चिखल तुडवायचा. तळ घट्ट व्हायला हवा ना! मी पण तुडवलाय, एवढी होते. ढोपरापर्यंत चिखल!”

“ईऽऽ,” ती म्हणाली. “पूस.”

तेवढं सोडलं तर गोष्ट तिला आवडली असावी. कारण तिने बरणीतून एक चांगला टपोरा खडा शोधला आणि माझ्यासमोर हात पुढे केला. देत होती मला.

आणि मी म्हटलं, “अं हं. मीठ हातावर नाही देत, बाळा. खाली ठेव, मी घेते.”

हे आमच्या आईचं. तसं ते घरोघरीच असतं, पण मिठागरवाल्यांकडे जरा जास्त. मीठ एकाने दुसऱ्याच्या हातावर दिलं की त्या दोघांत भांडण होतं. “खाली ठेव गो, मंग उचल. हातावर नाय द्याचा,” असं ऐकतच आम्ही वाढलो. मुलीने जरा विचार केला आणि खडा फरशीवर ठेवला. मी उचलला. तिने दुसरा ठेवला. मी उचलला. हा खेळच झाला. संध्याकाळी भाची न्यायला आली तेव्हा मुलगी म्हणाली, “उद्या मीठ.” भाचीने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या आणि हसली. त्या रात्री मी जेवताना छोटं ताटसुद्धा मांडून बघितलं, कुठे ठेवलं तर बरं दिसेल म्हणून. एकटी माणसं काय काय करतात त्याला काही धरबंध नसतो.

शुक्रवारी प्लेग्रुपात ओल्या खेळाचा दिवस होता आणि मुलांबरोबर घरचं एक माणूस यायचं होतं. भाचीची मीटिंग, जावई दौऱ्यावर; मग मीच. भाचीने मला पालकांच्या व्हॉट्सॲप गटात घातलं. थोड्या वेळात टीचरचा निरोप तिथे आला: उद्या फक्त ओले खेळ, कृपया पीठ, तांदूळ, रांगोळी, वाळू असं कोरडं काहीही पाठवू नये.

खाली चर्चा पेटली होती. एक आई म्हणत होती, मागच्या वेळी तांदूळ ठेवले तर मुलं किती रमली होती. दुसरी म्हणाली, अन्नाशी खेळायचं हेच मुळात चुकीचं. एका बाबांनी लिहिलं, पीठ पाण्यात गेलं की खळ होते आणि बाथरूमची मोरी तुंबते, हे ते अनुभवाने सांगत आहेत. कोणी म्हणालं, ओल्या हातांना कोरड्याचा आधार लागतो, मुलं घाबरत नाहीत. कोणी म्हणालं, मग ‘ओला दिवस’ म्हणता कशाला?

मला हसू आलं. हा वाद आमच्या घरी चुलीपाशी रोज व्हायचा. आमची आई तांदळाची भाकरी पाण्याच्या हाताने थापायची. हातावर पाणी, हातावरच भाकरी, पिठाचा कण नाही. दादाने केली घाटावरची बायको. वहिनी परातीत कोरडं पीठ पसरून त्यावर थापायची. आई म्हणायची, “पिठाच्या धुरळ्यात भाकरी करतं का कोन? तोंडात भुसा आल्यासारा लागतं.” वहिनी म्हणायची, “आणि तुमची पाण्याची चिकटते त्याचं काय, आई?” दोघींच्या भाकऱ्या मी खाल्ल्या, दोघींना ‘तुझीच चांगली’ म्हटलं. माझा स्वभाव तसलाच. पण गटातली ती चर्चा वाचताना मला वाटलं, आपली मुलगी उद्या त्या ओल्या गदारोळात काखेत हात घालून उभी राहणार. तिला कोरडं काहीतरी हवं. आणि पीठ, तांदूळ, रांगोळी, वाळू यांत मीठ कुठे लिहिलंय?

पतसंस्थेत जन्म गेलेल्या बाईला अशा पळवाटा दिसतात.

शुक्रवारी पर्समध्ये मिठाचा स्टीलचा डबा घालून मी गेले. प्लेग्रुपाच्या मागच्या अंगणात टब मांडले होते. एकात फेस, एकात भिजवलेला रंगीत साबुदाणा, एकात चिखल, आणि मधोमध मोठा टब निळ्या पाण्याचा. मुलं आधीच ओळखू न येण्याइतकी माखलेली. आमची भिंतीला पाठ लावून उभी, हात काखेत. एका मुलाच्या हातून साबुदाण्याचा एक दाणा उडून तिच्या मनगटावर बसला. तिने माझ्याकडे बघितलं. मी पुसला. आणि मग हळूच डबा काढून तिच्या पुढ्यात उघडला.

तिने हात काखेतून काढले!

डब्यात हात घालून ती बसली, आणि बसल्या बसल्या सरकत सरकत निळ्या टबाच्या अगदी कडेला आली. तिथून ती इतर मुलांचं खेळणं बघायला लागली. मला वाटलं, झालं, जिंकलं. माझ्या डोळ्यांसमोर पुढची सगळी वर्षं उभी राहिली. तिचा केजीचा डबा, शाळेचे बूट, दुपारच्या गोष्टी. कल्पनेत मी तिला चौथीपर्यंत आणलं होतं.

“आजी, हे काय आणलंय?”

टीचर. पंचविशीची असेल, ॲप्रनवर फेस, आवाज गोड पण आतून ठाम. आजी म्हणाली मला.

“मीठ आहे. जाडं.”

“आजी, आपण मेसेज टाकला होता ना, कोरडं नको म्हणून?”

“त्यात मीठ नव्हतं.”

टीचरने जरा डोळे मिटले आणि उघडले. “ते द्या माझ्याकडे. मी वर कपाटात ठेवते.” आणि तिने हात पुढे केला.

मी डबा उचलला, आणि तिच्या पुढे केलेल्या हाताला वळसा घालून तो तिच्या पायाशी, फरशीवर ठेवला.

टीचरचा चेहरा लाल झाला. “आजी, मी हात पुढे केलाय.”

“हो ना. पण मीठ आहे.”

“म्हणजे?”

“हातावर देत नाहीत. भांडण होतं.”

“इथे कोणी भांडत नाहीये, आजी,” ती म्हणाली, अगदी भांडणाच्या आवाजात.

तेवढ्यात पलीकडे एका मुलाने मूठभर फेस तोंडात घातला आणि टीचर तिकडे धावली. डबा फरशीवर, टबाच्या कडेला, झाकण उघडं. मी वाकेपर्यंत दोन शेंड्यांवाल्या एका मुलीने तो दोन्ही हातांनी उचलला आणि निळ्या पाण्यात पालथा केला. सगळ्या मुलांना हा खेळ पसंत पडला. आठ-दहा हात पाणी ढवळायला लागले.

मग एक मुलगा किंचाळला. त्याच्या हातावर डास चावलेले, खाजवून खाजवून सोललेले. मीठ झोंबलं. तो रडला म्हणून दुसरा रडला. तिसऱ्याने डोळे चोळले आणि त्याला रडायला खरं कारण मिळालं. अंगणभर भोंगा सुरू झाला. सोबत आलेल्या आया आपापली मुलं उचलून नळाकडे पळाल्या. मी रिकामा डबा हातात धरून उभी. आमच्या कित्येक पिढ्यांनी पाण्यातून मीठ काढलं, आणि मी एका सकाळीत ते परत पाण्यात घालून दाखवलं. वडील असते तर त्यांनी टोपी काढून नुसतं डोकं खाजवलं असतं.

आमची मुलगी मात्र अजून रडत नव्हती. ती टबात बघत होती. तळाशी पांढरं होतं, ते कमी कमी होत होतं. मग ते नव्हतंच.

“मीठ?” तिने विचारलं.

“पाण्यात आहे गं.”

“दिसत नाही.”

“आहे, आत आहे.”

“काढ.”

मी बाही वर करून कोपरापर्यंत हात निळ्या पाण्यात घातला. तळ चाचपला. काय मिळणार! ओला, रिकामा हात बाहेर काढला आणि तिच्यापुढे धरला. ती एक पाऊल मागे सरकली, हात काखेत गेले, आणि मग जी रडली, तशी ती माझ्याकडे आल्यापासून रडली नव्हती. “माझं मीठ गेलं! तू घालवलंस! मम्मा!”

तिला गप्प करायला मला दुसरं काही सुचलं नाही. पर्समधली प्यायच्या पाण्याची बाटली रिकामी केली आणि टबात बुडवून ते निळं पाणी भरून घेतलं. “हे बघ, आपलं मीठ यात आहे. मी घरी नेते, आणि काढून देते. खरंच.” तिने बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ‘मम्मा’ चालूच ठेवलं.

भाची मीटिंग अर्धी टाकून आली. टीचरशी दारात बोलली, “सॉरी, सॉरी” असं दोन-तीनदा ऐकू आलं. गाडीत मागे मुलगी हुंदके देत झोपली. मी पुढे, मांडीवर बाटली.

“आत्या, लिहिलं होतं ना त्यांनी?”

“लिहिलं होतं.”

“मग?”

“मला वाटलं, ओल्याला घाबरते, तर हातात कोरडं असलेलं बरं.”

“आणि डबा खाली का ठेवलास? त्या म्हणाल्या, हातात मागितला तरी दिला नाही.”

“मीठ होतं गं.”

भाचीने सिग्नलला गाडी थांबवली. हसली की सुस्कारली, कळलं नाही. “आजीचं ना ते? अगं पण आत्या…” सिग्नल सुटला, तिने गाडी काढली. चिडली असती तर बरं झालं असतं. आमच्या घराच्या गल्लीत वळताना म्हणाली, “मी विचार करतेय, सोमवारपासून पाळणाघरच सुरू करू. त्यांच्याकडे शिकलेली माणसं असतात. आणि तुझीही किती दगदग होते.”

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “दगदग होतेच.”

माझी दगदग! मी उतरले, गाडीला हात केला. मागच्या काचेत मुलीचं झोपलेलं डोकं दिसलं, तेवढंच.

घरी आल्यावर बाटली ओट्यावर ठेवली. संध्याकाळी वाटलं, ओतून टाकावं. सिंकपर्यंत गेलेसुद्धा. पण मी ‘काढून देते’ म्हटलं होतं. ती विसरली असणार. पण म्हटलं मी होतं. कपाटात केक करायचं काचेचं चौकोनी भांडं होतं, भाचीनेच दिवाळीला दिलेलं. मी जन्मात केक केला नव्हता. त्यात ते पाणी ओतलं आणि गॅलरीत कठड्यावर, उन्हात ठेवलं. मार्चचं ऊन, चांगलं कडक. समोरच्या बांधकामाची धूळ पडू नये म्हणून वर आईच्या जुन्या पातळाचा तुकडा बांधला. अशा रीतीने आमच्या घराण्याचं मिठागर चौथ्या मजल्यावर पुन्हा सुरू झालं.

पाण्याकडे बघत बसणं हे काम मिठागरवाल्यांच्या रक्तात असतं म्हणतात. खोटं आहे. माझे वडील पाण्याकडे बघता बघता गप्पा मारायचे, बांधावर चार माणसं असायची, बिड्या असायच्या, बायकांच्या टोपल्या, कोणाची तरी चेष्टा चाललेली. नुसतं पाणी कोणीच बघत नाही. ते मी बघितलं. सकाळी बघायचं, दुपारी बघायचं, दिवे लागताना फडक्याची गाठ तपासायची. दुपारी अडीचला मात्र मी गॅलरीतच असायचे. त्या वेळेला पाळणाघरात मुलांना झोपवतात. झोपत असेल का? उशी कोणती देत असतील? छोटी खुर्ची मी आईच्या खाटेखाली सरकवली. तिथे ती दिसत नव्हती, पण ती तिथे आहे हे माहीत असायचं, म्हणजे दिसल्यासारखंच.

कोरड्या-ओल्याच्या त्या प्रश्नाचा मी या दिवसांत पुष्कळ विचार केला. दुसरं काम नव्हतं. टीचरचं बरोबर होतं, हे मला मान्य करावं लागलं. आमच्या मिठागरातही ओल्यात कोणी कोरडं आणून टाकत नसे. चिखल तुडवायच्या वेळी चिखल, पाण्याच्या वेळी पाणी. कोरडं ते शेवटी आपसूक यायचं, आणि घाई केली तर यायचंच नाही. मला हे सगळं ठाऊक होतं, मी ते त्या मुलीला गोष्ट म्हणून सांगितलंसुद्धा होतं. पण मला घाई होती. ती आठवडाभरात रमायला हवी होती.

पाण्याच्या कडेला पहिली पांढरी रेघ दिसली तेव्हा मी फोटो काढून भाचीला पाठवला. तिने अंगठा पाठवला. दोन दिवसांनी तळाला बारीक चौकोनी खडे धरले, निळसर झाक असलेले. तोही फोटो पाठवला. निळ्या दोन खुणा आल्या. वाचलं होतं तिने. मग मी फोटो काढले पण पाठवले नाहीत.

मग एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात भाची, कडेवर मुलगी.

“तुझा डबा गाडीतच राहिला होता, आत्या. द्यायला आले. लगेच निघायचंय, हिचे शूज घ्यायचेत.” डब्यात तिने लाडू घालून आणले होते. रिकामा डबा परत करायचा नाही, हे तिच्या लक्षात होतं. आजीची नात शेवटी.

“बस तरी. चहा?”

“नको गं. पाळणाघरात बरी रमलीय, माहितीये? दुपारी झोपतेसुद्धा.”

“अरे वा,” मी म्हटलं. खरंच म्हटलं. निदान बरंचसं खरं.

मुलगी कडेवरून उतरली, काखेत हात. घरात नजर फिरवली. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “माझं मीठ काढलंस?”

विसरली नव्हती.

मी तिला गॅलरीत नेलं, भांडं खाली उतरवलं, फडकं सोडलं. पाणी सगळं गेलं होतं. तळाशी खडे, पातळ, चौकोनी, काचेला धरून बसलेले. ती उकिडवी बसली. हात काखेतून निघाले. तिने एक खडा चिमटीत धरायचा प्रयत्न केला, निघेना. नखाने खरवडून बघितलं, निघेना. मला तोंडाशी आलं होतं की थांब, मी चमचा आणते; पण या वेळी मी गप्प राहिले. गप्प राहणं मला जमतं हे घरात कोणाला सांगून पटणार नाही.

तिने स्वतःचं बोट बघितलं. मग ते जिभेला लावलं. ओलं बोट एका खड्यावर दाबलं आणि उचललं. खडा बोटाला चिकटून वर आला.

भाचीने माझा दंड धरला. मुलगी ‘पूस’ म्हणाली नाही. ती त्या ओल्या बोटाकडे आणि खड्याकडे बघत होती. मग तिला आठवलं असावं, कारण ती फरशीकडे वळली, खडा खाली ठेवायला. पण ओल्या बोटावरून तो सुटेना. तिने बोट झटकलं, तरी सुटेना. शेवटी वैतागून तिने हात माझ्यापुढे केला.

“घे.”

“आत्या, हातावर?” भाची हसत म्हणाली. “आजी असती तर ओरडली असती हं.”

मी तळहात पुढे केला. तिने बोट त्यावर घासलं आणि खडा माझ्या हातावर उतरला. ओलसर होता, कोमट होता.

हातावर मीठ घेतलं की भांडण होतं. होऊ दे, मी मनात म्हटलं. भांडायचं म्हटलं तरी माणसाला घरी यावं लागतं.

मुलीने बाकीच्या खड्यांकडे बघितलं. “परत पाण्यात घाल,” ती म्हणाली. “परत काढ.”

“वेळ लागतो गं त्याला.”

“किती?”

मी भाचीकडे बघितलं. ती चपला घालत होती. “बघू,” ती म्हणाली. “पुढच्या रविवारी जमलं तर चक्कर टाकू. बघू हं, आत्या.”

त्या दोघी गेल्या. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज ऐकला. मग स्वयंपाकघरात येऊन एका हाताने तांब्या भरला. दुसरी मूठ मिटलेली होती. गॅलरीत जाऊन भांड्यात पाणी ओतलं. खडे थोडा वेळ दिसले, मग दिसेनासे झाले. फडकं बांधायला दोन हात लागतात, म्हणून मूठ उघडावी लागली.